नानांचं मत

आमच्या पिंप्राळ्यातल्या नानांना मत विचारावं लागत नसे. तिन्हीसांजेला ते ओट्यावर येऊन बसत, धोतराचा सोगा मांडीवर घेत आणि सुरू करत, “मनं मत इचारशात तर...” कुणी विचारलेलं नसे. मी मान हलवायचो. मला स्वतःला मतं नाहीत. कापसाच्या जिनिंगमध्ये मी आकडे सांभाळायचो, नाना तिथलेच फिटर. आयुष्यभर यंत्रांच्या धडधडाटात राहून निवृत्त झालेले आणि मूळचे धुळ्याकडचे.

वांग्याच्या भरतात टमाटा घालणाऱ्याला त्यांच्या ओट्यावर जागा नव्हती. गावात आलेलं नाटक पाहून म्हणाले, “मरताना तो माणूस एवढं बोलला, की मी असतो तर आधी त्याला पाणी दिलं असतं.” मंत्र्यांच्या भाषणांवर त्यांचं म्हणणं सरळ होतं: “आधी रेशनच्या रांगेत उभं राहा, मग मी रेडिओ लावतो.” क्रिकेटवर मात्र त्यांचा जीव होता. कॉमेंटरी चालू असताना ते डोळे मिटून घेत. मैदान त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे पांझरेचा काठ असे, जिथे ते लहानपणी विटीदांडू खेळले, आणि आपला फलंदाज मारी तो चेंडू नदीच्या पात्रात पडे.

पण कितीही मतं असली तरी त्यांचा एक नियम होता. “आपल्या कानांनी ऐकेल नसेल, त्यावर बोलायचं नाही. ती चुगली.”

दर हिवाळ्यात आमच्या गल्लीची भरीत पार्टी शेतात होई. कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर हिरवट पांढरी मोठी वांगी भाजायची, ते काम नानांचं. ते हात लावून बघत नसत, ऐकत. “वांगं चरचरतंय तोवर त्याले बोलू द्या. गप्प झालं की काढा.” ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ते भरीत खाऊन आम्ही उन्हात आडवे व्हायचो, शेत हळूहळू तरंगल्यासारखं वाटायचं.

एका वर्षी नानांनी वांगी जाळावर ठेवली आणि लगेच काढायला घेतली. वांगी मोठ्याने चरचरत होती. आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

“नाना, कच्ची खायला घालता का काय?” कुणीतरी ओरडलं.

नाना हसले आणि बोलला त्याच्याकडे न बघता भलत्याकडेच बघून म्हणाले, “हो हो, मीठ नंतर.” सगळे हसले. अक्का, त्यांची बायको, तेवढी हसली नाही. तिने उठून वांगी परत जाळावर ठेवली आणि नानांचा हात धरून त्यांना बाभळीखाली बसवलं. तेव्हा नानांना कळलं, की आम्हाला कळलं.

त्यानंतर ते ओट्यावर येईनासे झाले. नियम त्यांचाच होता आणि तो त्यांनी स्वतःलाही लावला. ऐकू येत नाही, म्हणजे मत नाही. संध्याकाळी त्यांच्या खोलीत दिवा लागे, आवाज मात्र नसे. गल्लीतून जाताना सगळेच जरा हळू चालत. अक्का मला म्हणाली, “भाऊ, हा माणूस असाच गप्प राहिला तर जाईल हो.”

मार्ग तिनेच काढला. क्रिकेटमधलं तिला काही कळत नव्हतं. माझ्याकडून तेवढं शिकली आणि पुढच्या सामन्याला नानांची खुर्ची ओट्यावर आणून मागे रेडिओ घेऊन बसली. एक धाव झाली की पाठीवर एक टिचकी. चौकाराला पूर्ण तळहात. आपला गडी बाद झाला की चिमटा. नाना डोळे मिटून बसले. तळहात पाठीवर पडला तसे हसले आणि किती दिवसांनी म्हणाले, “मनं मत इचारशात तर, ह्या पोराचा हात पाटलाच्या बैलासारखा शे!” मी चहा तसाच ठेवून ऐकत राहिलो.

पण अक्का चिमटा काढत नसे. माझ्या ते लगेच लक्षात आलं. रेडिओवर आपले भराभर बाद होत आणि नानांच्या पाठीवर तिचा हात चौकार ठोकत राही. मी खुणावलं तर म्हणाली, “त्यांचं तोंड उतरतं हो, भाऊ. माझ्याने नाही होत.” चुकीचा आकडा मला सोसत नाही, पण तो माझा सामना नव्हता.

एकदा ती चहा टाकायला आत गेली. नानांनी माझं मनगट पकडलं. “भाऊ, तू खोटा आकडा सांगत नाहीस. कितला गयात?”

आपले दहाच्या दहा बाद झाले होते. मी दोन्ही हातांची बोटं उघडून त्यांच्यापुढे धरली.

“बठ्ठा? सगळेच?”

मी मान डोलावली. नाना आवाज न करता हसले, इतके की डोळ्यांत पाणी आलं. “माले माहीत शे. कधीच बाद न होणारा संघ कुठे असतो का? पण तिच्या हाताले तेच बरं वाटतं.” आतून कपबशा वाजल्या, त्या त्यांना ऐकू आल्या नाहीत, पण दाराकडे बघत ते हळूच म्हणाले, “तिले सांगू नको.”

अक्का आली, तिने हात पाठीवर ठेवला. नानांनी डोळे मिटले. “काय खेळताहेत आपली पोरं!”

पुढे काही वर्षांनी, थंडी नुकतीच सुरू झाली असताना, नाना झोपेतच गेले. त्या हिवाळ्यात भरीत अक्काने केलं आणि मला वाडगा द्यायला आली. माझ्याकडे सामना चालू होता. ती उंबऱ्यात थांबली. रेडिओकडे नाही, बाहेर नानांच्या रिकाम्या ओट्याकडे बघत तिने विचारलं, “कितला गयात, भाऊ?”

मी जो होता तोच आकडा सांगितला. आपली पोरं जवळजवळ सगळीच बाद होऊन गेली होती.

ती पदर नीट करून निघाली आणि पायरीवरून वळून म्हणाली, “त्यास्ले सांगू नका.”