वर पाहिलं की ‘हो’

आठवीच्या मुलींना जोडीदारीण व्हायला मी शिकवते. जिला चालता-बोलता येत नाही, हातही हलत नाही, तिच्याशेजारी वर्गात बसायचं आणि तिचं म्हणणं डोळ्यांवरून ओळखायचं. नजर वर गेली की ‘हो’, खाली गेली की ‘नाही’. डोळे मिटले तर तिला बोलायचं नाही. मग पुन्हा विचारायचं नाही. आणि विचारल्यावर आपण गप्प बसायचं. पण सोलापूरच्या पोरी गप्प बसतील तर शपथ! प्रश्नही त्यांचा, उत्तरही त्यांचंच.

एकीला मात्र शिकवावं लागलं नाही. तिच्या घरात दिवसभर यंत्रमाग खडखडतात, त्यामुळे घरचे सगळे डोळ्यांनीच बोलतात. तिला मी व्हीलचेअरवरच्या मुलीशेजारी बसवलं. थोड्याच दिवसांत दोघी गणिताच्या तासाला हसू लागल्या. मी रागावले, आणि मनातून खूश झाले.

दिवाळीनंतर व्हीलचेअरवरच्या मुलीची आई आली. टॉवेलच्या कारखान्यातून तशीच, केसांत सुताचे तंतू.

“मॅडम, नाव काढा हिचं. गावाकडं आजीपाशी ठेवते. हिला हितं काय अन् तितं काय, कळतंय कुटं?”

मी काही बोलायच्या आत जोडीदारीण व्हीलचेअरसमोर येऊन बसली. “तुला शाळेत यायचंय?” विचारलं आणि गप्प राहिली.

आईची चुळबुळ सुरू झाली. मी तिला हातानंच थांबवलं. पोरीची मान थरथरली आणि नजर सावकाश वर गेली.

“गावाला जायचंय?”

नजर खाली.

मला वाटलं, आई हरखून जाईल. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

“म्हंजे हिला समदं कळतंय? पैल्यापासनं?” ती खाली बसली, लेकीचे पाय धरले. “भाकरी थापताना रोज म्हनायचे गं मी, देवा, उचल हिला. ऐकलंस व्हय तू?”

आता कुणाला गप्प बसवावं लागलं नाही. खाली बघ, बाई, एकदाच खोटं बोल, असं मी मनात घोकत होते.

पोरीनं वर पाहिलं.

नाव काढलं नाही. आई रोज तिला सोडायला येते, फाटकाशी वाकून विचारते, “माफ केलंस?” आणि वाट बघत उभी राहते. पोरगी डोळे मिटून घेते.

पुन्हा विचारायचं नाही, हा नियम आईला सांगायला मी फाटकाकडे निघते. अजून मला सांगवलेलं नाही.