मिटल्या डोळ्यांचे फोटो

दुर्गाघाटाच्या गल्लीत आमचा फोटोचा स्टुडिओ होता. नवरा लवकर गेला, मग तो मी एकटीने चालवला. चौथी शिकलेली बाई कॅमेरा धरते म्हणून लोक आधी हसले, मग येऊ लागले.

जास्त करून मेलेल्यांचीच कामं यायची. घरातल्या बाईचा जिवंतपणी फोटो काढायचं तेव्हा कुणाला सुचत नसे. ती गेली की धावपळ. तिरडी उचलायच्या आधी मला बोलावत. मी चेहरा टिपायची, फोटो छापायची आणि बारीक ब्रशने त्यावर उघडे डोळे काढायची. मिटल्या डोळ्यांचा फोटो भिंतीवर कोण लावणार?

डोळे कसे होते विचारलं की घरचे रडत सांगत, "मोठे होते." एवढ्यावर डोळे निघत नाहीत. म्हणून मी आरसा समोर ठेवला आणि स्वतःचेच डोळे बघून काढू लागले. पुढे कुणाच्याही घरी गेले की हार घातलेल्या फोटोतून मीच माझ्याकडे बघत असे. हातातला चहा तसाच राही. आपण जन्मभर लबाडी केली, असं मी धरून चालले होते. स्टुडिओ बंद झाला तेव्हा वाईट वाटलं नाही.

गेल्या साली मंगला गौरीच्या देवळाजवळची एक पन्नाशीची बाई आली. ती दोन वर्षांची असताना तिची आई गेली. तिने आणलेला आईचा फोटो मीच केलेला. भिंतीच्या ओलीने गाल पुसले गेले होते, डोळे तेवढे शाबूत.

"काकू, मुलाने मोबाइलवर साफ केला. बघा."

चेहरा गुळगुळीत, डोळे सिनेमातल्या बाईचे.

"छान आहे की."

"छान कसला! ही माझी आई नाही. तुम्हीच पुन्हा करून द्या."

निगेटिव्ह माझ्या डब्यात होती. पण तेच खोटं पुन्हा करायचं जिवावर आलं.

"ऐक. ते डोळे तुझ्या आईचे नव्हेत. माझे आहेत."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"शाळेत होते तेव्हापासून. तुम्ही खालून जायच्या वेळी मी खिडकीत येऊन बसायचे. एकदा तरी वर बघाल म्हणून. तुम्ही कसल्या बघताय! भारी अकड होती तुम्हाला."

मी तो ओल लागलेला फोटो उचलून पुन्हा पाहिला.

"मला तेवढीच आई मिळाली, काकू. ती बिघडवू नका."

फोटो छापून आणला आणि आरशासमोर बसले. आरशात मोतीबिंदू काढलेले, खाली पिशव्या लोंबणारे डोळे. पंचविशीच्या चेहऱ्यावर ते कसे चालणार? माझा त्या वयाचा एकही फोटो नाही. शेवटी तो डागाळलेला फोटोच समोर ठेवला आणि त्यातून माझे डोळे उतरवून घेतले. फोटोतली तीही माझ्याकडे बघत होती.

सून म्हणाली, "आई, हात थरथरतोय. कशाला हा खटाटोप?"

"थरथरू दे. हे दुसऱ्या कुणाला येत नाही."

चार दिवस लागले. मग फोटोच्या मागे मी माझं नाव लिहिलं. अशा एकाही फोटोवर आधी लिहिलं नव्हतं.