डावीकडचा गूळ

भूतखेत, करणी, लागीर... असल्या गोष्टींना मी कधी भीक घातली नाही, आजही घालत नाही. भोरच्या शाळेत विज्ञान शिकवते मी! पण १९९९ सालची एक सकाळ मला अजून उलगडलेली नाही.

आमचं गाव भोंगवली. आईला आवाज ऐकू यायचे. देवऋष्यानं तिला कोंडून मिरच्यांची धुरी दिली, केरसुणीनं बडवलं. मी तेव्हा भोरला मावशीकडं शिकायला होते, पण धाकटी मंगल, सहा वर्षांची, त्याच खोलीत होती. पुढं वर्षभरात आई गेली. मंगल बाविशीत आली आणि तिलाही आवाज सुरू झाले — कधी परक्यांची कुजबुज, जास्त करून आईचा. जेवण-झोप सुटली.

पुण्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडं आईच्या रक्तातून आलंय. लहानपणी जे पाहिलं त्या धक्क्यानं त्याला वाट मिळाली. गोळ्या सुरू करा." मला शंभर टक्के पटलं. आमचे वडील, दादा, मात्र अडून बसले.

"उजवा कौल आला तरच गोळी. न्हाईतर देवऋष्याला बोलवणार म्या."

पुन्हा तोच माणूस! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

कौल म्हणजे देवाच्या दोन्ही अंगांना पाण्यानं पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली की होकार. त्या सकाळी गावच्या देवळात गुरव पाकळ्या लावून समई सारखी करायला वळले, तेवढ्यात मी प्रसादातला गूळ ओला करून डावी पाकळी पक्की बसवली. दादा बाहेर चपला काढत होते. कुणीही पाहिलं नाही, छातीठोक सांगते. उजवी टपकन पडली. लबाडी केली — हो, केली! बाहेर नळावर हातही धुतले.

मंगल घरीच होती, शेजारच्या काकूंजवळ. मी तोंड उघडायच्या आत ती हसली... कितीतरी महिन्यांनी.

"ताई, डावीकडं गूळ लावलास व्हय गं?"

"कुणी सांगितलं?"

"आईनं. म्हनली, ताईनं बरं केलं. गोळी घे मंगे, आता मी यायची न्हाई."

तिनं माझ्या हातून गोळी घेतली. बाकीची कुजबुज थांबायला दोनेक महिने लागले. आईचा आवाज मात्र त्या दिवसानंतर परत आला नाही. मंगल आता शिवणकाम करते, गोळ्या चालू आहेत.

आवाज का येत होते ते डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, मला पटलंय. त्या आवाजाला गूळ कसा कळला, ते त्यांनाही सांगता आलं नाही. आणि खरं सांगू? मला अजून राग येतो... जाताना आई माझ्याशी एक शब्द बोलली नाही.