माझ्या अंगणात मानवी हक्क

चहा घ्या, पण कप हातात आहे तोवर हसू नका, अंगावर सांडेल. आता जी चूक सांगणार आहे ती दोन विषयांत एम.ए. आणि वर पीएच.डी. केलेल्या माणसाने केलेली आहे. अडाणी माणसाला एवढी मोठी चूक करता येत नाही हो. त्याची तेवढी तयारीच नसते!

ती वर्षं एकात्मतेची होती. ज्याला बघावं तो कुणाला तरी मुख्य प्रवाहात आणत होता. तो प्रवाह कुठून वाहतो, त्यात पाणी किती, हे विचारायचं नाही. आणायचं!

परदेशातली एक संस्था रोमा लोकांच्या मानवी हक्कांसाठी काम करायची. रोमा म्हणजे युरोपातले ते फिरस्ते, ज्यांची भाषा मुळात आपल्या इकडची. संस्थेला वाटलं, यांचे भाऊबंद भारतात कसे राहतात तेही बघावं. बघताबघता त्यांना बुऱ्हाणपूर सापडलं. आणि बुऱ्हाणपुरात, दुर्दैवाने, मी सापडलो.

प्रकल्पाचा समन्वयक होता निखिल. पोरगा हुशार, बोलणं निम्मं मराठी, निम्मं हिंदी. घरी येऊन म्हणाला, "सर, रोमा लोकांवर इथं आपल्याशिवाय कुणी वाचलंच नाही. सल्लागार व्हा ना. करायचं काहीच नाही, बस मार्गदर्शन."

करायचं काहीच नाही! असं काम मला आयुष्यभर जमलंय. तरी घाबरलो. मी कॉलेजात इतकी वर्षं शिकवलं, पण आजही पोस्टमनने सही मागितली तर आपली सही आपल्यासारखी येईल ना, अशी धाकधूक होते. शालिनी, म्हणजे माझी बायको, आतून म्हणाली, "हो म्हणा. घरात बसून मला मार्गदर्शन करता, त्यापेक्षा बरं."

झालो सल्लागार.

नदीकाठच्या राजघाटाजवळ गाडिया लोहारांचा डेरा होता. यांचं सगळं घर बैलगाडीवर. आज इथं, उद्या तिथं, विळे-कोयते, तवे-चिमटे घडवायचे आणि विकायचे. डेऱ्याची मुख्य केसरबाई. जवळच्या फोपनार गावच्या केळीवाल्या शेतकऱ्यांना विळे विकून मराठी शिकलेली, पण रागावली की हिंदीत जायची. पुढं पुढं ती माझ्याशी फक्त हिंदीतच बोलायला लागली, यावरून काय ते समजा.

घाट साफ करायचा म्हणून डेऱ्याला उठायला सांगितलं होतं. बदल्यात फोपनारच्या रस्त्याला घरासाठी जागेचे पट्टे, म्हणजे हक्काचे कागद, मिळायचे होते. यादी तयार, कलेक्टर कचेरीतले साहेब तयार. फक्त मंगळवारी साहेब लोकांचं गाऱ्हाणं ऐकतात त्या जनसुनवाईत कुणी तरी भल्या माणसाने सांगायचं की ही माणसं ओळखीची आहेत.

केसरबाईने मला नीट समजावलं. "सर, तुम्ही एकच बोला. 'मी यांना वळखतो, मानसं चांगली आहेत.' बस. मंग बसून जा."

"एवढंच?"

"एवढंच. मला दरवाजा पाहिजे सर. आतून बंद होणारा. सून न्हाते तर दोन बाया चादर धरून उभ्या राहतात. रस्त्याने जाणारा येणारा बघतो. बस, एक दरवाजा."

आता तुम्हीच सांगा, याच्यात न समजण्यासारखं काय होतं? दहा वर्षांच्या पोराला समजलं असतं. पण तो पीएच.डी. नसतो.

घरी आलो आणि शंका आली. एकच वाक्य? लोक काय म्हणतील, सल्लागार आणि एकच वाक्य? थोडी पार्श्वभूमी द्यावी. म्हणून एक वाक्य आधी जोडलं. ते एकटं दिसेना, म्हणून त्याच्या आधी रोमांचा इतिहास जोडला. मूळ वाक्य शेवटी ठेवलं होतं. ठेवलं होतं, एवढं लक्षात घ्या.

मंगळवारी कचेरीत साहेब म्हणाले, "बोला सर."

आणि मी बोललो! आयुष्यात पहिल्यांदा न अडखळता बोललो. युरोपात राज्यकर्त्यांनी रोमांना बळजबरीने एका जागी कसं बसवलं, त्यांच्या गाड्यांची चाकं कशी काढून घेतली, हे टेबलावर हात आपटून सांगितलं. मग गाडिया लोहारांकडे वळलो. यांच्या पूर्वजांनी छपराखाली न राहण्याची शपथ घेतली होती म्हणतात. फिरणं हा यांचा श्वास! खुलं आकाश हेच यांचं घर! यांना चार भिंतींत कोंडणं म्हणजे संस्कृतीची हत्या!

बाबूने पेन खाली ठेवलं. मला वाटलं, भारावला. निखिल खालून माझा सदरा ओढत होता. मला वाटलं, तोही भारावला.

साहेब खुर्चीत पुढं सरकले. त्यांच्या तोंडावर असा आनंद की विचारू नका. साहजिक आहे. जमीन न देण्याची कारणं त्यांना रोज स्वतः शोधावी लागतात. आज एक विद्वान ती घरपोच घेऊन आला होता, वर परदेशी दाखल्यांसकट.

"सर, आपने तो आँखें खोल दीं," साहेब म्हणाले. "हम इनपर कितना बड़ा अन्याय करने जा रहे थे!" आणि बाबूला सांगितलं, "संस्कृतीचा आदर करायचा. पट्ट्यांचं प्रकरण नस्तीबद्ध करा."

नस्तीबद्ध म्हणजे फाइलला दोरी बांधायची आणि कपाटात ठेवायची. त्या कपाटातून आजवर फक्त उंदीर बाहेर आलेत.

मूळ वाक्य राहूनच गेलं.

बाहेर झाडाखाली केसरबाई उभी होती. मी आपला खुलासा करायला गेलो. "केसरबाई, त्या रोमा लोकांची चाकं काढून घेतली होती हो…"

"बुरा हुआ उनका. हमारे चक्के तो कीड़ा खा गया."

"पण तुमच्या पूर्वजांची शपथ…"

"कसम मेरे परदादा ने खाई, पानी मेरे सिर पे गिरता है!" ती म्हणाली. "कल उठना है घाट से. अब कहाँ जाऊँ, वो भी बता दो. तुम तो सब पढ़े हो."

मी म्हणालो, वाचून सांगतो. तिला उत्तर न वाचताच सुचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होतो. फाटकाशी एक लोडिंग रिक्षा थांबली. तिच्यामागे माणसं एक बैलगाडी ढकलत आणत होती. त्यामागे दुसरी. केसरबाई फाटक उघडून आत आली, मान वर केली आणि अंगणावरचं आभाळ बघितलं. घर भाड्याने घेणारा छत बघतो ना, तसं!

"हाँ," म्हणाली, "खुला है. उतारो सामान."

"अहो, पण इथं?"

"तुमनेच बोला ना सर? हमको खुला आसमान चाहिए. लो, तुम्हारे आँगन में कित्ता बड़ा है."

तोंडात पेस्टचा फेस. वाद घालायला तोंडच मोकळं नव्हतं. मोकळं असतं तर मी काय बोललो असतो, या विचाराने आजही घाम फुटतो. कदाचित शेजाऱ्यांची अंगणंही दिली असती!

शालिनी बाहेर आली. मला वाटलं, आता ही मला वाचवेल. ती म्हणाली, "या केसरबाई. चहात आलं चालतं ना? सुनेला आमची न्हाणी दाखवते, कडी आतून आहे."

केसरबाईचं कुटुंब आमच्या अंगणात, बाकीचा डेरा शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर. ऐरण माझ्या खिडकीखाली, कारण तिथं सावली. पहाटे घणाचा पहिला ठोका पडला की माझ्या काळजाचा दुसरा पडायचा. मी वाचायला बसलो की केसरबाई खिडकीतून म्हणायची, "सर, बैठेच हो तो भाता चलाओ." भाता चालवायचा म्हणजे भट्टीला वारा घालायचा. शिकलो. पहिल्यांदाच मी वारा घातल्यामुळे कशाला तरी आकार येत होता.

निखिल येऊन फोटो काढून गेला. "सर, ये तो असली इंटिग्रेशन है! रिपोर्टमध्ये टाकतो."

"अरे, यांना जागा मिळवून दे ना!"

"तो पुढच्या टप्प्याचा विषय आहे, सर."

कॉलनीवाले आधी अंतर राखून होते. मग समोरचे महाजनभाऊ आले. "सर, पाहुणे किती दिवस?" दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी त्यांच्या बागेतली पाण्याची मोटार चोरीला गेली. झालं! डेरा कॉलनीत आहे म्हटल्यावर मोटार कुणी नेली, हे शोधायला कशाला पाहिजे?

हवालदार थेट आमच्या अंगणात. मी भट्टीपाशी, बनियन काजळलेलं, हात काळे, डोक्याला पंचा, भाता ओढतोय.

"ए बाबा, उठ. नाम क्या है? कल शाम कहाँ था?"

सांगायचं होतं, मी प्रोफेसर, हे माझं घर. पण खाकी कपडे दिसले की माझी जीभ टाळूला चिकटते. काल संध्याकाळी मी कुठं होतो? खरंच कुठं होतो? घरात होतो. पण नक्की? साक्षीदार कोण? मी म्हणालो, "बहुतेक घरीच असेन."

"बहुतेक? और घर कहाँ है?"

मी घाबरून नुसतं घराकडे बोट दाखवलं. हवालदाराने आमचा बंगला बघितला, माझं बनियन बघितलं आणि माझा दंड धरला.

केसरबाई उठली. हातातला चिमटा खाली ठेवला आणि म्हणाली, "छोड़ो साहब. मैं जानती इसको. आदमी अच्छा है, बस बोलता जास्ती है."

हवालदाराने हात सोडला. एका वाक्यात! तिला रोमांचा इतिहास लागला नाही. (मोटार, तुम्ही विचाराल म्हणून सांगतो, महाजनभाऊंच्याच जावयाने दुरुस्तीला नेली होती. त्याबद्दल डेऱ्याची माफी कुणी मागितली का? छे! तशी पद्धत नाही.)

पण त्यानंतर चमत्कार झाला. आमच्या कॉलनीला मानवी हक्कांची जाणीव झाली. जे लोक डेऱ्याच्या बाजूने नाकाला रुमाल लावून जायचे, ते रुमाल काढून म्हणू लागले, "बिचाऱ्यांना हक्काचं घर नको का? फोपनारच्या रस्त्याला?" किती ती कळकळ! शहरात जिथं जिथं हक्क अडले असतील तिथं आठवडाभर भात्याशेजारी डेरा ठेवावा, असं माझं संशोधनाअंती मत आहे.

पुढच्या मंगळवारी अर्धी कॉलनी कचेरीत. केसरबाईने मलाही नेलं. "बिगाड़ा तुमने, तो खड़े तो रहो."

साहेब म्हणाले, "पर सर, पिछली बार तो आपने… वो चाकं, वो शपथ, वो संस्कृती?"

काय सांगू, त्याच क्षणी मला एक अत्यंत समर्पक दाखला आठवला. सक्तीने वसवणं आणि मागितलेलं घर देणं यांतला मूलभूत फरक! मी तोंड उघडलं. केसरबाईने माझं मनगट धरलं. ऐरणीवर लोखंड धरणारा हात तो! दाखला जागच्या जागी विझला.

"साहेब, मी चुकलो," मी म्हणालो. "यांना घर पाहिजे." आणि बसलो.

कपाट उघडलं. दोरी सुटली. फाइल, उंदीर नसतानाही, बाहेर आली.

पट्टे वाटायला साहेब स्वतः फोपनारच्या रस्त्यावर आले. मांडव, खुर्च्या, माईक, सगळं. कागद टेबलावर रचून ठेवलेले. डेऱ्यातल्या बाया नव्या लुगड्यांत पहिल्या रांगेत बसलेल्या, सगळ्यांची नजर त्या कागदांवर. निखिल उत्साहाने म्हणाला, "वाटपाच्या आधी आपल्या सरांनी दोन शब्द बोलावेत!"

मी संकोचाने उठलो. खरं सांगतो, नको नको म्हणतच उठलो, पण चष्मा पुसत पुसत उठलो.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून केसरबाई साहेबांना ओरडून म्हणाली, आणि इतक्या दिवसांनी चक्क मराठीत, म्हणजे सगळ्यांना कळावं म्हणून, "साहेब, आधी कागद आमच्या हातात येऊ द्या. मंग सरांना माईक द्या!"

सगळा मांडव हसला. साहेबांनी माईक चटकन स्वतःच्या मागं लपवला. आणि टाळी पहिली कुणी वाजवली म्हणता?

आमच्या शालिनीने.