मागची चाकं धरली तेव्हा

नवरा कंपनीच्या ट्रेनिंगसाठी पाच महिने कोरियाला गेला, तेव्हा जाताना त्याने मला तीन गोष्टी सांगितल्या. गॅसचा नंबर कुठे लिहिलाय, घरमालकांना कधी काय विचारायचं, आणि गाडीला हात लावायचा नाही. म्हणजे आठवड्यातून एकदा इंजिन चालू करून दहा मिनिटं ठेवायचं, पण गाडी जागची हलवायची नाही. हँडब्रेक घट्ट ओढलेला होता, तो तसाच राहू द्यायचा.

माझ्याकडे लायसन्स होतं. पुण्यात वडिलांची व्हॅन मी तीन वर्षं चालवली होती. पण लग्नानंतर चेन्नईत आले आणि स्टिअरिंगला हात लावायची वेळ आली नाही. नवरा इरुंगाट्टुकोट्टैच्या एका कारखान्यात होता. पहाटे कंपनीची बस त्याला न्यायची, अंधार पडल्यावर आणून सोडायची. आमची जुनी, छोटी हॅचबॅक तिरुवल्लिकेणीतल्या आमच्या भाड्याच्या घराच्या अंगणात उभी असायची आणि रविवारी बाहेर निघायची. तेव्हाही मी शेजारच्या सीटवर.

तो गेल्यावर मला सोबत म्हणून बार्शीहून सासूबाई आल्या. सोबत हा त्यांचा शब्द. सून तरुण, घर परमुलखात, आजूबाजूला एकट्या पुरुषांनी भरलेली मॅन्शनं, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या इमारती. मला वाटलं, लक्ष ठेवायलाच पाठवलंय. पुढे कळलं, त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं. मोठ्या दिरांनी तिकीट काढून हातात दिलं होतं.

त्या आल्या आणि आठव्या दिवशी जिन्यावर घसरल्या. नोव्हेंबर होता, इकडचा पाऊस नोव्हेंबरात ऐन भरात असतो आणि आमचा जिना उघडा. उजव्या पायाचं नडगीचं हाड मोडलं. एग्मोरच्या दवाखान्यात मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, दोन आठवड्यांनी दाखवायला आणा, मग पुढे बघू.

आमच्या त्या दोन खोल्या पहिल्या मजल्यावर होत्या. एक खिडकी अंगणात उघडायची, दुसरी समोरच्या मॅन्शनच्या भिंतीवर. सासूबाईंची खाट पहिल्या खिडकीशी होती. त्यांना खाली उतरता येत नव्हतं आणि त्यांना एकटं टाकून मला कुठे जाता येत नव्हतं. भाजी आणायला वीस मिनिटं, तेवढाच माझा दिवस. टीव्हीवर मराठी वाहिनी लागत नव्हती. आम्हा दोघींना बोलायला विषय नव्हते. मी चहा दिला की त्या ‘ठेव’ म्हणायच्या. पाऊस लागलेला असला की कपडे वाळायचे नाहीत, म्हणून मी दोरी खोलीतच बांधली होती. त्या ओल्या कपड्यांखालून वाकून आत-बाहेर करताना एकेकदा मला श्वास घेणं जड व्हायचं. किंचाळावंसं वाटायचं, पण शेजारी ऐकतील म्हणून मी मोरीत जाऊन नळ सोडायची.

दोन आठवडे झाले. मी ठरवलं की सासूबाईंना गाडीतून न्यायचं. नवऱ्याला सांगायचं नाही, नंतर बघू. समोरच्या मॅन्शनमधल्या चौघांनी त्यांना वेताच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. मागच्या सीटवर पाय लांब करून त्या बसल्या. मी इंजिन चालू केलं, हँडब्रेक सोडला, पहिला गिअर टाकला. गाडीचं मागचं अंग खाली दबलं आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. चौघांनी ढकलून पाहिलं. मागची चाकं जमिनीत रोवल्यासारखी.

घरमालक ओसरीवरून बघत होते. ते तंजावरकडचे मराठी, पिढ्यान्‌पिढ्या इकडेच. आयुष्यभर बसच्या डेपोत वर्कशॉपमध्ये फोरमन होते. मी त्यांना सगळे म्हणतात तसं मामा म्हणायची. त्यांचं मराठी जुन्या पोथीतलं वाटायचं आणि त्याची चाल तमिळ. ते जवळ आले, चाकाकडे वाकले आणि म्हणाले, “हें धरलें आहे. पावसांत ब्रेक ओढून ठेवाल तर लायनर ड्रमाला चिकटून बसतें. समुद्राची हवा आहे, बाई.”

त्या दिवशी आम्ही ऑटोने गेलो. कॉल टॅक्सीवाले आमच्या गल्लीचं नाव ऐकूनच नाही म्हणत. प्लास्टरचा पाय ऑटोच्या बाहेर आडवा निघालेला, मी तो दोन्ही हातांनी धरलेला, आणि प्रत्येक खड्ड्याला सासूबाईंच्या तोंडून बारीक आवाज. परत येताना त्या रडल्या. आवाज न करता, पदर तोंडात धरून. डॉक्टरांनी महिन्याने पुन्हा बोलावलं होतं. त्या म्हणाल्या की पुन्हा असं मला नेऊ नकोस, प्लास्टर इथेच कापा.

मी मेकॅनिक बोलावला. त्याने हातोड्याने ठोकून ठोकून दोन्ही चाकं सुटी केली आणि मागचं डावं चाक काढून ड्रम, म्हणजे ब्रेकवरचं गोल झाकण, उघडला. आत तपकिरी चिखल झाला होता. ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या ब्रेक शूचं लायनर एका बाजूने सुटून आलं होतं. शू दाबणारा छोटा सिलेंडर गळत होता. दोन्ही बाजूंचं सगळं बदलायला हवं, असं त्याने मला खुणांनी आणि अर्ध्या इंग्रजीत समजावलं, डावीकडचं सामान उचकटून काढलं, नवं घेऊन उद्या येतो म्हणाला आणि आलाच नाही. गावी लग्न होतं, असं चार दिवसांनी कळलं. गाडी एका बाजूने विटांवर उभी. दुसरे दोघे मेकॅनिक येऊन बघून गेले. अर्धवट उघडलेलं दुसऱ्याचं काम आम्ही घेत नाही, वर्कशॉपला ओढून न्या, असं त्यांचं म्हणणं.

रविवारी नवऱ्याचा फोन यायचा. त्या रविवारी त्याने गाडीचं विचारलं. खिडकीतून तिचं चाक नसलेलं मागचं अंग मला दिसत होतं. सासूबाईंनी खाटेवरून हात पुढे केला, फोन घेतला आणि म्हणाल्या, “गाडी बरी आहे. ही रोज पुसते. तू जेवतोस का नीट?”

फोन ठेवल्यावर आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. पण दुपारी त्यांनी आपणहून विचारलं की ते खाली काय काय बदलायचं आहे.

मी मामांकडे गेले. म्हटलं, तुम्ही सांगा, मी करते. त्यांनी आपले दोन्ही हात पुढे धरून दाखवले. थरथरत होते. स्क्रूड्रायव्हर धरवत नाही, पण डोकं शाबूत आहे, अशा अर्थाचं काहीतरी ते बोलले आणि मला एका कागदावर सामान लिहून दिलं. माउंट रोडमागच्या स्पेअर पार्टच्या गल्लीतल्या दुकानदाराने तो कागद वाचून माझ्याकडे पाहिलं आणि गाडी कुणाची म्हणून विचारलं. मी ‘माझी’ म्हटलं. तमिळमध्ये तेवढं मला येत होतं.

दुसऱ्या दिवशी पाऊस नव्हता. मॅन्शनमधले चौघे ऑफिसला जाण्याआधी सासूबाईंना खुर्चीसकट अंगणात ठेवून गेले. सासूबाईंनीच मला सांगितलं होतं, मला वर टाकून जाऊ नकोस. समोर स्टुलावर प्लास्टरचा पाय, डोक्यावर पदर. मी जुना सलवार-कमीज घालून फरशीवर बसले. मामा ओसरीच्या पायरीवर.

त्यांचा पहिला नियम मी अजून विसरले नाही. “एक बाजू उघडी असेल तर दुसरीला हात लावूं नका. विसरलें तर तिकडे जाऊन पाहायचें.” धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची, छातीत जाते. दोन शू सारखे दिसतात पण सारखे नसतात, लांब लायनरचा पुढे. मी डावीकडची, शू जिच्यावर बसतात ती पत्र्याची पाटी घासून साफ केली, नवा सिलेंडर बसवला, शू त्यांच्या जागी उभे केले. मधली टाचणी दाबून फिरवून अडकवली. इथवर तासभर गेला आणि मला वाटलं, जमलं.

मग दोन्ही शूंना एकमेकांकडे ओढणारी वरची स्प्रिंग आली. ती एका टोकाला अडकायची, दुसऱ्या टोकाला भोकापर्यंत बोटभर कमी पडायची. पकडीने ओढली की निसटायची. दोनदा शू जागचे सुटून माझ्या मांडीवर पडले. एकदा स्प्रिंगचं टोक अंगठ्यात घुसलं. मामा सांगत होते, जोर नको, युक्ती हवी, पण युक्ती हातात असते आणि त्यांचे हात तर तसे. ऊन डोक्यावर आलं. मी गुडघ्यात डोकं घालून बसले. मला तेव्हा स्प्रिंगचं दुःख होत नव्हतं. पाच महिने, दोन खोल्या, आणि हे एवढंसं तारेचं वेटोळंसुद्धा माझं ऐकत नाही, असं काहीतरी.

“सुतळी आहे का घरात?” सासूबाईंनी विचारलं.

मी वर पाहिलं. त्या म्हणाल्या, सुतळी आण आणि मला जवळ ने. मामांनी आणि मी खुर्ची ओढत चाकाशी नेली. त्या कमरेतून वाकल्या. सुतळी दुपदरी करून तिचा फास स्प्रिंगच्या आकड्यात घातला, टोकं मुठीला गुंडाळली, मला म्हणाल्या की तू दोन्ही शू तळव्यांनी दाबून धर. मग सरळ न ओढता त्यांनी मूठ जराशी वर आणि पुढे नेली. आकडा भोकावर आला, टक्‌ आवाज झाला, आणि त्यांनी सुतळी एका बाजूने खेचून काढून घेतली.

मामा तमिळमध्ये काहीतरी पुटपुटले.

“आमच्या वडलांचं सायकलचं दुकान होतं,” त्या म्हणाल्या. “पंक्चर, स्पोक, स्टँडच्या स्प्रिंगा. चौदाव्या वर्षापर्यंत मीच करायचे. लग्नात सासरी सांगितलं, मुलीला शिवणकाम येतं.”

चाळीस वर्षांत त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं, मुलांनाही नाही. ‘का?’ म्हणून मी विचारलं. त्यांनी खांदे उडवले. कुणी विचारलं नाही, आणि नंतर सांगायची लाज वाटायला लागली.

ड्रम चढवायला गेलो तर चढेना, कारण नवे शू जाड. शूंमधलं अंतर ठरवणारा मधला अ‍ॅडजस्टर उलटा फिरवून ते आत घ्यावे लागले. चढवल्यावर मामांनी हँडब्रेक ओढून पाहायला लावला, तो सैल. हँडब्रेकच्या तारेचं टोक मागच्या शूच्या पट्टीला अडकवायचं मी विसरले होते. पुन्हा सगळं उघडलं. सासूबाईंनी सुतळी पुन्हा दुपदरी केली.

दुसऱ्या दिवशी उजवी बाजू आम्ही तासाभरात केली. मग राहिलं पाइपातली हवा काढणं. त्यासाठी एकाने आत बसून ब्रेकचं पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकामागचा स्क्रू सैल करून तेलाबरोबर हवा सोडायची. मामांच्या पायात जोर नव्हता. सासूबाई म्हणाल्या, माझा डावा पाय धड आहे. मी आणि मामांच्या सुनेने त्यांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, प्लास्टरचा पाय उघड्या दारातून बाहेर स्टुलावर, डावा पेडलवर. आयुष्यात त्या पहिल्यांदा तिथे बसत होत्या. दोन्ही हातांनी त्यांनी स्टिअरिंग धरलं.

मी गाडीखालून सांगायची, “दाबा. धरा. सोडा.” सासूला असं हुकूम देणं मला आधी जड गेलं. पाचव्या-सहाव्या वेळेनंतर नाही गेलं. स्क्रूला नळीने जोडलेल्या बाटलीत बुडबुडे आले, कमी झाले, थांबले. “आता कडक लागतंय,” त्या वरून म्हणाल्या.

गाडी मी आधी एकटीने गल्लीच्या टोकापर्यंत नेली आणि प्रत्येक दाराशी ब्रेक मारून पाहिला. महिना भरला त्या दिवशी त्यांना घेऊन एग्मोरला गेले. प्रत्येक सिग्नलला गाडी जिथे थांबायला हवी तिथे थांबत होती. डॉक्टरांनी मांडीपर्यंतचं प्लास्टर काढून गुडघ्याखाली दुसरं घातलं. परतताना मी विचारलं, जरा समुद्राकडून जाऊ या का. त्या हो म्हणाल्या. आम्ही गाडीतच बसून समुद्र पाहिला, काचा खाली करून.

पुढच्या रविवारी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आईला दे.” सासूबाईंनी फोन घेतला आणि शांतपणे सांगितलं की ते सगळं मीच करायला लावलं, तिचा काही दोष नाही. मला बोलणी बसली नाहीत. पण फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं, आणि का वाटलं ते त्यांना सांगता येईना. त्यांनी मला वाचवलं होतं आणि त्यातच माझ्या हातून झालेलं काम माझं राहिलं नव्हतं.

फेब्रुवारीत त्या काठी टेकत एग्मोरहून दादरच्या गाडीत बसल्या. दीर सोबतीला आले होते. पुन्हा चेन्नईला त्या कधी आल्या नाहीत. नवरा मार्चअखेर परतला. पहिल्याच आठवड्यात त्याने गाडी वर्कशॉपला नेली. मागचे ब्रेक नवे आहेत, नीट बसवलेत, असं तिथे सांगितलं म्हणाला, आणि जेवताना आलेल्या मित्राला म्हणाला, खालचे मामा जुने फोरमन आहेत, त्यांनी केलं. मी भात वाढत होते. किल्ली तोवर पुन्हा त्याच्या खिशात गेली होती.

जूनमध्ये मी मैलापूरच्या एका शाळेत शिकवायला लागले आणि दोन वर्षं बसने जात-येत राहिले; गाडी आठवडाभर अंगणातच उभी असायची.