मावशी पाण्याखाली असताना

फोन आला तेव्हा मी लॅपटॉपसमोर होते. जूनमधला शनिवार, सकाळचे साडेदहा वाजून गेलेले. आमच्या टीमचं सॉफ्टवेअर रिलीज होतं, कॉलवर सात-आठ जण एकदम बोलत होते, आणि मोबाइलवर रॉनचं नाव आलं. शैलामावशी आपल्या बोटीवर जिथे राहायची त्या मरीनाचा, म्हणजे बोटी बांधायच्या धक्क्याचा, हा मॅनेजर. तो मला कधीच फोन करत नसे. मी कॉल म्यूट करून फोन उचलला. "नीता, यू नीड टू कम," तो म्हणाला. "इट्स शैला... शी इज गॉन." पुढेही तो काहीतरी सांगत होता, पण मला काही ऐकू येईना. ती एकटी पाण्यात उतरली, एवढंच माझ्या डोक्यात घुमत राहिलं. कारण आदल्या संध्याकाळी मीच तिला मेसेज केला होता, 'मावशी, उद्याचं कॅन्सल करते गं. रिलीज आहे. पुढच्या शनिवारी नक्की.' उद्याचं म्हणजे बोटीचा तळ साफ करणं. मावशी पाण्याखाली जायची आणि मी वर डॉकवर तिची दोरी धरून बसायचे. काय झालं, कुठे झालं, हे मी रॉनला विचारलंच नाही. हिंमतच झाली नाही. मी राहते त्या हर्नडनपासून तिथवर जायला दोन-अडीच तास लागतात. एसी बंद होता की चालू ते आठवत नाही, पण स्टिअरिंगवरचे हात सारखे घसरत होते एवढं आठवतं.

शैलामावशी माझी सख्खी मावशी नव्हे. आईची नागपूरची कॉलेजमधली मैत्रीण. मी व्हिसावर पहिल्यांदा अमेरिकेत आले तेव्हा पहिले आठ महिने तिच्याच टाउनहाउसच्या बेसमेंटमध्ये काढले. ती सॉफ्टवेअर टेस्टर होती, एकाच कंपनीत अठ्ठावीस वर्षं. डेव्हलपर लोक तिला टरकून असायचे. "चालतंय असं सांगू नकोस, कसं तपासलंस ते सांग," हे तिचं पेटंट वाक्य. घरीही तेच. मी गॅस बंद केला म्हटलं तरी ती उठून बघून यायची. नवरा फार लवकर गेला होता, मुलगा अमेय शिकून ओहायोत डब्लिनला नोकरीला लागला होता. रिटायर झाल्यावर ही बाई काय करेल असं आम्हाला वाटायचं. योगा, मंडळाचं गणपतीचं डेकोरेशन, फार तर भारताच्या दोन चकरा. तिने टाउनहाउस विकून टाकलं आणि छत्तीस फुटांची एक जुनी मोटरबोट घेतली. चेसापीक बे या उपसागराला मिळणाऱ्या एका खाडीत, झाडीच्या आडोशाला असलेल्या छोट्याशा मरीनात ती बोट बांधली आणि त्यावर राहायला गेली. पोहायलासुद्धा पन्नाशीत शिकलेली बाई! आईने नागपूरहून फोन करून तासभर समजावलं. मावशी शांतपणे म्हणाली, "अगं, त्या टाउनहाउसमध्ये दाराला रंग कुठला लावायचा हे शेजारपाजारचे ठरवायचे. इथे माझं मी ठरवते."

बोटीवर तिचं छान चाललं होतं. एका माणसापुरतं किचन, एक बेड, पुस्तकांची फळी, दोन कुंड्यांत कढीपत्ता आणि मिरची. पण बोटीचा जो भाग पाण्याखाली असतो त्याला चैन नसते, हे मला तिच्यामुळे कळलं. उन्हाळ्यात तिथलं पाणी कोमट होतं आणि तळावर आधी हिरवट बुळबुळीत थर चढतो, मग बार्नॅकल नावाचे कठीण कवचाचे बारके जीव येऊन चिकटतात. बोट पुढे ढकलणाऱ्या पंख्यावर ते बसले की बोट पुढे सरकत नाही. शिवाय पंख्याच्या दांड्यावर जस्ताचा एक गोळा बसवलेला असतो, त्याला सगळे झिंक म्हणतात. खारं पाणी आधी तो गोळा खातं, म्हणून दांडा वाचतो. गोळा संपला की पाणी दांड्याला लागतं. पहिल्या वर्षी मावशीने एक डायव्हर बोलावला. त्याने खाली जाऊन येऊन 'ऑल गुड' सांगितलं. हिवाळ्यात बोट क्रेनने बाहेर काढली तेव्हा झिंक पार संपलेलं आणि दांड्याला खड्डे. मावशी तिथेच उभी राहून ते खड्डे बोटाने चाचपत होती. मला म्हणाली, "जे मी स्वतः पाहिलं नाही ते मी पास कसं केलं गं?" पुढच्या वसंतात तिने डायव्हिंगचं शिक्षण घेतलं. त्रेसष्टाव्या वर्षी.

आणि मला नेमलं दोरी धरायला! मला पोहता येत नाही. पाण्याच्या कडेला उभं राहायचीही मला भीती वाटते, हे तिला माहीत होतं. "म्हणूनच तू हवीस," ती म्हणाली. "घाबरट माणसाचं लक्ष असतं." तिच्या सगळ्या पायऱ्या ठरलेल्या. इंजिनची किल्ली काढून माझ्या गळ्यात, म्हणजे चुकूनही कोणी पंखा फिरवायला नको. किनाऱ्यावरून बोटीला येणारी विजेची पिवळी केबल उपटून ठेवायची, कारण पाण्यात वीज उतरली तर माणूस ओरडायच्या आत लुळा पडतो. आजूबाजूच्या बोटवाल्यांना सांगून यायचं. डॉकवर हवा पुरवणारा एक छोटा बॅटरीचा कॉम्प्रेसर, त्यातून लांब नळी, नळीच्या टोकाला तोंडात धरायचं यंत्र, त्यातून ती श्वास घ्यायची. कमरेला दोरी. एक हिसका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे दोरी सैल सोड. तीन म्हणजे ओढ. ते पाणी चहासारखं. हातभर खाली गेली की ती दिसेनाशी व्हायची. उरायचे फक्त बुडबुडे आणि तळावर स्क्रेपर घासल्याचा खर्र खर्र आवाज. तो आवाज थांबला की माझा जीव वर. मी मनातल्या मनात आकडे मोजायचे. वीसपर्यंत आवाज आला नाही की मीच एक हिसका द्यायचे. खालून उत्तर यायचं, जरा जोरातच. मला काम करू दे, असं.

मला बरेच दिवस वाटायचं की हिला भीतीच वाटत नाही. एकदा मी ठरल्यापेक्षा लवकर पोचले. हाक मारली तर ओ नाही. आत गेले तर टॉयलेटच्या दारामागून ओकारीचा आवाज. मावशी बाहेर आली, चेहरा पांढराफटक, डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "तुला बरं नाहीये, आज नको." तिने चूळ भरली, टॉवेलने तोंड पुसलं आणि म्हणाली, "दर वेळी होतं हे. उतरायच्या आधी. तू येतेस तोवर आटपलेलं असतं." "मग कशाला गं उतरतेस?" ती पाण्यात घालायच्या वेटसूटची चेन ओढत होती, ओढता ओढता थांबली. "रात्री झोपताना मला कळतं ना खाली काय आहे ते... म्हणून." एवढंच म्हणाली आणि डॉकवर गेली. त्या दिवसापासून माझी भीती दुप्पट झाली. तोवर आमच्या दोघींतली एक तरी धीराची आहे असा माझा समज होता.

मग ती गेली त्याच्या आदल्या ऑगस्टमधला तो शनिवार. दुपारची वेळ, वारा नाही, मरीनात चिटपाखरू नाही. मावशी नवीन झिंक बसवायला पंख्यापाशी गेली होती. एक मोठी स्पीडबोट खाडीतून भरधाव गेली. इथे हळू चालवायचं असतं, पण गेली. तिच्या लाटा आल्या आणि आमची बोट झुलू लागली, डॉकच्या लाकडी खांबावर दाबली जाऊ लागली. एक हिसका आला. मी एक दिला. मग एकदम तीन. मी ओढलं. दोरी येईना. खाली कशात तरी अडकली होती. मी दोन्ही पाय रोवून ओढलं, तळहात सोलून निघाले, दोरी इंचभर हलेना. बुडबुड्यांकडे बघितलं. बुडबुडे नव्हते. कॉम्प्रेसर तर चालूच होता. मी ओरडले, "हेल्प! हेल्प!" कोणी नाही. तेव्हा मला दिसलं, तिची हवेची नळी खांब आणि बोट यांच्या मधे सापडून पट्टीसारखी चपटी झाली होती. मी डॉकवर पाठ टेकली आणि दोन्ही पायांनी बोट ढकलू लागले. एवढी जड बोट, माझे ते पाय. हलेना, हलेना, मग हळूच, अगदी हळूच चार बोटं सरकली. नळी सुटली. पाण्यात बुडबुड्यांचा मोठा लोट उसळला. मला वाटलं, वाचली. दोरी ओढली तर सरसर आली. हलकी. टोकाला कोणी नव्हतं.

त्यानंतर किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. त्या रिकाम्या टोकाकडे बघत मी गुडघ्यांवर बसले होते. तिच्या मुलाला काय सांगू, हा विचार आला, आणि तो आधी आला याची मला आजही लाज वाटते. मग बोटीच्या पलीकडून खोकल्याचा आवाज. "नीता... इकडे... शिडी..." श्वास बंद झाल्यावर तिने तोंडातलं यंत्र टाकलं होतं, कमरेची दोरी सोडली होती आणि अंधारात हाताने तळ चाचपत ती पलीकडच्या बाजूने वर आली होती. मास्क गेला होता. कपाळावर बार्नॅकलने कापलेली लांब जखम, सगळा चेहरा रक्ताने भरलेला. मी तिला वर घेतलं आणि आम्ही दोघी डॉकवर बसलो. रक्त पुसता पुसता ती म्हणाली, "अमेयला यातलं काही सांगायचं नाही." संध्याकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. "मॉम, व्हॉट हॅपन्ड टु युवर हेड?" मावशी म्हणाली, कपाटाचा कोपरा लागला. अमेयने मला विचारलं, "नीताताई, इज दॅट ट्रू?" याच मुलाने वर्षभरापूर्वी मला वेगळा फोन करून म्हटलं होतं की आईचं काही झालं तर तू मला खरं सांगशील ना. मी म्हटलं, "हो रे, कपाटच."

पुढच्या शनिवारी ती परत उतरणार होती, झिंकचे बोल्ट अर्धवट राहिले होते म्हणून. आम्ही कडकडून भांडलो. मी येणार नाही म्हटलं. ती म्हणाली, "नको येऊस, मी एकटी उतरेन." मी रडायला लागले तेव्हा ती नरमली. "बरं. तू नसशील तर नाही उतरणार. पण तू यायचं." मी गेले. त्यानंतर दर वेळी गेले, हा एक जूनमधला शनिवार सोडून.

त्या दिवशी मरीनात पोचले तर गाडीतून उतरवेना. रॉन स्वतः पार्किंगमध्ये आला. मी त्याच्याकडे न बघता विचारलं, "वॉज शी इन द वॉटर?" तो गोंधळला. "वॉटर? नो, नो. लाँड्रीरूम." सकाळी मावशीने मरीनाच्या लाँड्रीरूममध्ये कपडे धुतले, ड्रायरमधून काढले, टॉवेलांच्या घड्या घालताना ती खुर्चीत बसली आणि तशीच राहिली. हृदय थांबलं, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. मी बोटीवर गेले. वेटसूट हूकवर कोरडा ठणठणीत. कॉम्प्रेसर कपाटात. ती उतरली नव्हती. मी तिच्या बेडवर बसून रडले, आणि त्या रडण्यात सुटका होती. माझ्यामुळे नाही, माझ्यामुळे नाही... ती गेली होती आणि मला सुटल्यासारखं वाटत होतं. त्या दिवसापासून मला माझीच थोडी भीती वाटते.

पाच आठवड्यांनी अमेय बोट विकायची तयारी करायला आला. मी सोबत गेले. दोन तास आम्ही पुस्तकं आणि भांडी खोक्यांत भरली. मग मी त्याला त्या छोट्या टेबलापाशी बसवलं आणि ऑगस्टचं सगळं सांगितलं. दोरी, नळी, कपाळ, कपाट. मराठीत सांगितलं, कारण इंग्रजीत मला ते जमलं नसतं. तो चिडला असता तर बरं झालं असतं. तो उठून बाहेर डॉकवर गेला. मी मागोमाग गेले तर हा पालथा झोपलेला, बाही खांद्यापर्यंत सारलेली, आणि हात बोटीच्या तळाखाली, पाण्यात. "इट्स रफ," तो म्हणाला. "आईची बोट इतकी... खरखरीत?" मी म्हटलं, "दोन महिन्यांत कोणी हात लावला नाही रे. हा सगळा उन्हाळ्याचा थर. तुझी आई दर महिन्याला..."

"व्हेअर्स द ब्रश?" त्याने विचारलं. मी आणून दिला. तो झोपल्या झोपल्या घासू लागला. पाण्यात हिरवट ढग उठला. हात आणखी खोल जावा म्हणून तो पुढे सरकला, कमरेपर्यंत डॉकच्या बाहेर गेला. मी पटकन खाली बसले आणि त्याचे दोन्ही घोटे घट्ट पकडले.

"नीताताई, आय कॅन स्विम," तो हसून म्हणाला.

"माहितेय," मी म्हटलं. "तू घास."

ती अख्खी बाजू आम्ही अशीच फूटफूट सरकत केली, त्याचा हात पोचला तिथवर. त्याच्या खालचं तसंच राहिलं. मी त्याचे पाय शेवटपर्यंत सोडले नाहीत.