चार तासांचं घर

माझा भाऊ अर्थशास्त्र शिकवायचा. तो पुढारी झाला एका पुस्तकामुळे, आणि त्या पुस्तकातून एक कागद काढून टाकल्यामुळे. ही दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली.

पुस्तकासाठी त्याने दोनशे घरांत एकच प्रश्न विचारला होता : दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो? त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. कागदांचे गठ्ठे घेऊन दारोदार हिंडली ती वहिनीच. कुणी वीस मिनिटं सांगितली, कुणी चाळीस. टेकडीवरच्या एका बाईने सांगितलं, चार तास.

"काहीतरीच! बाईला घड्याळ कळत नसणार," म्हणत दादाने तो कागद बाजूला काढला. सरासरी छान बसली. लहान दवाखाने बंद केले तरी एक मोठं रुग्णालय पुरेल, असं पुस्तकात सिद्ध झालं. पक्षाने त्याला बोलावून नेलं. तिथे सगळे त्याला 'सरासरीसाहेब' म्हणत. तो हसण्यावारी नेई. मंत्री झाल्यावर त्याने साठ दवाखाने बंद केले.

मग त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी मदतीला गेले, तर हा हातात घड्याळ धरून न्हाणीघराकडे निघालेला.

"अकरा मिनिटं!"

"आता यावरही पुस्तक लिहा," वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली.

पण जेवताना, दाढी करताना तो वहिनीला एकच विचारायचा, "त्या चार तासवाल्या बाईच्या पायाला काही झालं होतं का गं?"

"आठवत नाही."

आणखी चाळीस दवाखाने बंद करायची फाइल सहीला आली. अधिकारी दहाला येणार होते. त्या सकाळी दादाने पुन्हा तेच विचारलं. वहिनी उठली, कपाटातल्या कपड्यांखालून एक पिवळा पडलेला कागद काढला आणि फाइलवर पालथा ठेवला. मागे तिच्याच अक्षरात लिहिलं होतं : पाय अधू. पाठीवर मूल. वाटेत बसावं लागतं.

"तू बोलली का नाहीस?"

"तेव्हा मी नवी नवरी होते. पुढे तुम्ही मंत्री झालात."

दादाने सही केली नाही. महिन्याभरात मंत्रिपद गेलं. ते चाळीस वाचले की नाही, कोण जाणे. आधीचे साठ काही उघडले नाहीत.

आमच्या गल्लीतला दवाखाना त्या साठांतलाच. आता तिथे टायरचं दुकान आहे. दादा काठी टेकत रोज तिथवर जातो. काल मीही बरोबर गेले. वाटेतल्या कट्ट्यावर तो टेकला, मग थोडा सरकून मूल घेतलेली बाई बसेल एवढी जागा त्याने सोडली. मी शेजारी बसायला गेले.

"तिथे नको," तो म्हणाला. "या बाजूला ये."